गोडाउनमध्ये बसून घेतलेली थेरपी: फुकटातली, परवडणारी आणि पैसे वाया घालवणारी

पहिलेच सांगतो, मी डॉक्टर नाही की समुपदेशक नाही. जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे, बियाणं, खतं, फवारणीची औषधं विकतो. गेल्या दीड वर्षात मनाच्या त्रासासाठी हेल्पलाइन झाल्या, ॲप झाले, ऑनलाइन थेरपिस्ट झाले, सगळं वापरून पाहिलं. मी शोधत होतो तेव्हा मराठीत नुसत्या नंबरांच्या याद्या सापडायच्या, फोन लावल्यावर पुढे काय होतं, कोण बोलतं, किती वेळ बोलतं, पैसे मागतात का, हे वापरलेल्या माणसाने कुठे लिहिलेलं दिसलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात मागच्या वर्षी जूनमध्ये झाली. पेरणीची धांदल, दिवसभर दुकानात गर्दी, अर्धा माल उधारीवर. संध्याकाळी शटर ओढून गाडीला किक मारली आणि एकदम छातीत धडधड सुरू झाली, हाताच्या बोटांना मुंग्या, घाम, श्वास पुरेना, असं वाटलं की गेलो आता. भावाने गाडीत घालून थेट जळगावला नेलं. ईसीजी, टू-डी इको, रक्त, सगळं नॉर्मल. गॅसची गोळी दिली आणि सांगितलं टेन्शन घेऊ नका. मग परत आठ दिवसांनी तेच, आणि परत. तीन वेळा इमर्जन्सीत नेलं, साडेअकरा हजार गेले. घरी आबा म्हणायचे "तुले काय धाड भरनी रे, खातंपितं घर शे." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना खरंच काळजी होती, पण या दुखण्याला आमच्या घरात शब्दच नव्हता. जीव घाबरा होतो म्हटलं की लिंबूसरबत, नाहीतर दृष्ट काढणे, एवढंच.

एक मात्र सांगतो, ते तपासण्यांचे पैसे वाया गेले असं समजू नका. छातीत दुखत असेल तर आधी हृदयाचं बघून घ्यायलाच पाहिजे, हेल्पलाइनवरचे लोकपण तेच विचारतात.

माझी बहीण नाशिकला नर्स आहे, तिने १४४१६ हा नंबर पाठवला. टेली-मानस. केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, बंगळुरूची निम्हान्स संस्था तिच्या मागे आहे, फोन फुकट, चोवीस तास, आणि वीस भाषांत. हा नंबर नाही लागला तर १८००-८९१-४४१६ लावायचा, तोही तिथेच जातो. मी चार दिवस नंबर नुसता सेव्ह करून ठेवला. सरकारी म्हटल्यावर डोक्यात हेच की आधार कार्ड मागतील, गावातल्या आशाताईंना निरोप जाईल, सगळ्या गावाला कळेल.

तसलं काही झालं नाही. पहिले भाषा निवडायला सांगतात, मराठी निवडली, मग एका बाईंनी फोन घेतला आणि पहिलं वाक्य काय तर "तुम्ही आत्ता एकटे आहात ना, मोकळं बोलता येईल ना?" मी तेव्हा गोडाउनमध्ये १०:२६:२६ खताच्या पोत्यांवर बसलेलो, शटर आतून अर्धं ओढलेलं. नाव सांगायचं तर सांगा म्हणाल्या, वय, जिल्हा, काय होतंय, झोप कशी आहे, जेवण जातं का, दारू वगैरे किती, आणि मग सरळ विचारलं की जीवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का. हा प्रश्न एवढ्या साध्या आवाजात कोणी मला विचारेल असं वाटलं नव्हतं. मी नाही म्हटलं, खरं तर एकदोनदा आला होता, मग तेही सांगितलं. त्या दचकल्या नाहीत की लेक्चर दिलं नाही. कधी आला होता, तेव्हा काय केलं, दुकानात विषारी औषधं आहेत तर त्या खोलीची चावी कोणाकडे असते, असं एकेक विचारत गेल्या. चावी त्या दिवसापासून भावाकडे गेली, आठ महिने त्याच्याकडेच होती. ज्यांच्या घरात फवारणीचं औषध पडलेलं असतं त्यांनी, म्हणजे आपल्याकडे जवळपास सगळ्यांनीच, ही गोष्ट लक्षात घ्यावी.

त्याच फोनवर मला पहिल्यांदा कळलं की याला पॅनिक अटॅक म्हणतात. शरीर धोका आहे समजून ॲड्रेनलिन सोडतं, श्वास भराभर चालतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्याच्याने बोटांना मुंग्या येतात, आणि हे साधारण दहा मिनिटांत टोकाला जाऊन मग आपोआप उतरायला लागतं. मुंग्या कशाने येतात एवढं कळलं तरी माझी अर्धी भीती गेली, कारण मी प्रत्येक वेळी लकवा मारतोय असंच समजायचो. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावायचा, हेही त्यांनी फोनवरच दोनतीनदा करून घेतलं.

टेली-मानसबद्दल माझं मत एकदम चांगलं आहे, पण ते कशासाठी आहे हे आधी समजून घ्या. तिथे दुसऱ्यांदा फोन केला की बहुतेक वेळा दुसरं माणूस असतं. म्हणजे तुमची गोष्ट परत पहिल्यापासून. रात्री दोनला जीव घाबरा झाला, काय करावं सुचत नाही, आपल्याला नेमकं काय झालंय हेच कळत नाही, डॉक्टरकडे जायचं का नाही ठरत नाही, यासाठी याच्यासारखी दुसरी सोय नाही. गरज वाटली तर ते वरच्या पायरीवर, मानसोपचार तज्ज्ञांकडे जोडून देतात, नाहीतर तुमच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात पाठवतात. पण महिनोन्‌महिने एकाच माणसाबरोबर बसून जुनी गाठ सोडवायची असेल तर ते काम हेल्पलाइनचं नाही, आणि ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर मी उगाच पाच-सहा फोन करून "हे लोक तर परत तेच विचारतात" म्हणून नाराज झालो नसतो. ऑक्टोबर २०२४ पासून त्यांचं ॲपही आलंय.

दुसरी हेल्पलाइन आयकॉल. ही मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची, २०१२ पासून चालू आहे, नंबर ९१५२९८७८२१. इथे फोनशिवाय ईमेल आणि चॅटवरपण समुपदेशन मिळतं, तेही फुकट. ही चोवीस तास नसते, त्यामुळे मध्यरात्रीच्या वेळेसाठी हिच्यावर अवलंबून राहू नका. मला ईमेलचा फार उपयोग झाला कारण घरात बोलायची सोय नसते. आमचं घर म्हणजे ओटा, माजघर, स्वयंपाकघर आणि वर एक खोली, माणसं सात, मुलगा अभ्यासाला वरच बसतो. दोन रात्री बसून मोबाइलवर मराठीत लांबलचक ईमेल टाइप केला, उधारीचं, आबांच्या ऑपरेशनच्या कर्जाचं, वर्गमित्राच्या शेतात जे झालं त्याचं, ते सगळं. ज्या गोष्टी तोंडातून निघत नव्हत्या त्या टाइप करताना निघाल्या. उत्तर आलं ते कॉपी-पेस्ट नव्हतं, मी लिहिलेल्या एकेका ओळीला धरून होतं. ज्यांना फोनवर रडू येईल म्हणून भीती वाटते त्यांनी ईमेलपासून सुरुवात करा. आयकॉलने लोकांच्या शिफारशीवरून थेरपिस्टची एक यादीपण केलेली आहे, कुठला थेरपिस्ट माणसाशी नीट वागतो अशा अंगाने केलेली, तीपण बघण्यासारखी आहे.

वांद्रेवाला फाउंडेशनचा ९९९९६६६५५५ आहे, हा चोवीस तास, आणि व्हॉट्सॲपवर मेसेज करता येतो ही याची मोठी सोय. बायको शेजारी झोपलेली असताना अंधारात टाइप करून बोलता येतं. मी दोनदाच वापरला, दोन्ही वेळा वेळ निभावली.

आता पैसे गेले ते. नाव घेत नाही. एका ॲपवर "पहिलं सेशन फ्री" म्हणून घेतलं, सगळं इंग्रजीत, फॉर्म भरतानाच घाम फुटला, मराठी थेरपिस्ट पाहिजे असं लिहिलं होतं तरी जो मिळाला तो हिंदी बोलणारा. माणूस वाईट नव्हता. पण मी आमच्या अहिराणीत "जीव उडी जास" म्हटलं की ते मला हिंदीत कसं सांगायचं हेच शोधण्यात वेळ जायचा, आणि जे सांगायचो ते माझं वाटायचंच नाही, दुसऱ्याच कोणाची तरी तक्रार वाचून दाखवतोय असं वाटायचं. फ्री सेशन वीस मिनिटांत संपलं. आणि मग पुढच्या महिन्यात खात्यातून १,४९९ कटले, कारण नाव नोंदवताना कुठेतरी यूपीआय ऑटोपेला होकार दिलेला. फोन उचलत नाहीत, ईमेलला नुसतं ऑटोमॅटिक उत्तर. शेवटी कळलं की आपल्या यूपीआय ॲपमध्येच ऑटोपे किंवा मॅन्डेट नावाचा भाग असतो, तिथे जाऊन ते आपल्यालाच रद्द करता येतं. तुम्ही असं काही फ्री ट्रायल घेतलं असेल तर आजच जाऊन बघा.

दुसरा अनुभव याच्यापेक्षा वाईट. रील बघून एका "माइंड हीलर"ला २,१०० भरले. सात दिवसांत भीती मुळापासून जाईल म्हणाला. व्हिडिओ कॉलवर दहा जण एकत्र, मला सगळ्यांसमोर विचारलं की बापाबद्दल मनात राग आहे का, आणि गोळ्या खाणारे लोक कमजोर असतात असं बोलला. त्या ग्रुपमध्ये एक मुलगी होती, तिचं कॉलेजच असेल अजून, तिने त्याच कॉलवर सांगितलं की मी गोळ्या बंद करते. मला आजही तिची काळजी वाटते. कोणाच्या सांगण्यावरून चालू गोळ्या एकदम बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

त्यानंतर मी आधी चौकशी करायला शिकलो. स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, नंबर मागायचा, खरा माणूस न चिडता देतो आणि तो कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो. समुपदेशक असेल तर एमए मानसशास्त्र किंवा एमएसडब्ल्यू कुठून केलं, कोणाच्या देखरेखीखाली काम करतात, हे विचारायचं. गोळ्या फक्त डॉक्टर देऊ शकतो, मानसोपचार तज्ज्ञ म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, त्याच्याकडे मानसोपचारातली एमडी पदवी किंवा डीपीएम पदविका असते. बियाण्याचं पाकीट घेताना शेतकरी माझ्याकडून लॉट नंबर आणि पक्कं बिल मागून घेतो, मग इथे विचारायला लाज कशाची?

आता मी ज्यांच्याकडे जातो त्या ताई पुण्याच्या, व्हिडिओवर, मराठी. चौकशी केली तेव्हा मला वेगवेगळ्या ठिकाणी पन्नास मिनिटांचे पाचशेपासून अडीच हजारांपर्यंत भाव ऐकायला मिळाले होते. या ताईंची फी हजार. मी सरळ लिहून पाठवलं की माझं दुकान हंगामी आहे, जून ते ऑगस्ट माल जातो आणि पैसा येतो दिवाळीनंतर, एवढे मला जमणार नाहीत, पाचशे जमतील, पंधरा दिवसांतून एकदा. त्या हो म्हणाल्या. नंतर कळलं की बरेच थेरपिस्ट काही जागा कमी फीच्या ठेवतातच, फक्त वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लिहीत नाहीत, विचारावं लागतं. आपल्याकडे दवाखान्यात घासाघीस करणं बरं दिसत नाही असं वाटतं, पण ही घासाघीस नाही, आपली खरी परिस्थिती सांगणं आहे. शिकाऊ समुपदेशकांकडेही कमी पैशात होतं, त्यांच्यावर अनुभवी माणसाची देखरेख असते.

बसण्यांमध्ये, म्हणजे थेरपीच्या सेशनमध्ये, होतं काय, हे सगळे विचारतात. पहिल्या वेळी ताईंनी सांगितलं की आपलं बोलणं गुप्त राहील, फक्त तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जीवाला धोका आहे असं दिसलं तर मला सांगावं लागेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गुप्ततेचा हक्क लिहिलेला आहे हेही त्यांनीच सांगितलं. मग एक काम दिलं, प्रत्येक अटॅकची तारीख, वेळ, त्याच्या आधी काय चाललं होतं आणि डोक्यात कोणतं वाक्य होतं ते लिहायचं. मी उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायला लागलो. दीड महिन्यात अकरा नोंदी झाल्या. ताईंनी वाचायला सांगितलं आणि मी स्वतःच वाचता वाचता थांबलो, अकरापैकी आठ शटर ओढल्यानंतरच्या. दिवसभर गिऱ्हाईक असतं तोवर काही नाही, शटर खाली आलं की गल्ला मोजायचा, उधारी मांडायची आणि कंपनीच्या पेमेंटची तारीख डोळ्यासमोर. वाक्य एकच, "आबांनी उभं केलेलं दुकान मी बुडवणार." ते वाक्य अकरा वेळा माझ्याच अक्षरात होतं. मग त्या वाक्याची तपासणी, खरंच बुडतंय का, किती उधारी परत येते, मागच्या तीन वर्षांचे आकडे काय सांगतात, हे सगळं वहीतूनच काढलं. आता हिशोब रात्री करत नाही, सकाळी भाऊ असताना करतो. अटॅक थांबले नाहीत पूर्ण, पण मागच्या तीन महिन्यांत दोनच, आणि दोन्ही वेळा गोडाउनमध्ये बसून पाच दिसणाऱ्या वस्तू मोजल्या, पोतं, वजनकाटा, फवारणी पंप, दोरी, दाराची कडी, आणि ते उतरले. इमर्जन्सी नाही.

जागेचं मात्र आधी ठरवा, नेट कमी पडलं तर आवाजावर भागतं पण जागा नसेल तर काहीच होत नाही. मी गोडाउनमध्ये बसतो. आमच्या ओळखीतल्या एक वहिनी आहेत, अमळनेरच्या, त्या मळ्यात पाणी धरायला जाते सांगून विहिरीजवळ बसून फोन करतात, कारण घरात सासू विचारते की एवढा वेळ कोणाशी बोलतेस. बायकांसाठी हा प्रश्न आमच्यापेक्षा दुप्पट अवघड आहे. शनिवारी-रविवारी घरी सगळे असतात, मधल्या वारी दुपारची वेळ मागा. मोबाइलवर नाव "विमा एजंट" असं सेव्ह केलं तरी चालेल.

ज्यांना एकही रुपया शक्य नाही आणि समोरासमोर बोलायला चालेल त्यांनी सरकारी दवाखान्याला नाकं मुरडू नका. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचार तज्ज्ञ आणि समुपदेशन दोन्ही आहे, आणि राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार फुकट केलेत. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजपण आहे. एक गोष्ट मला मनापासून लागते, शेतकऱ्यांच्या मनाच्या त्रासासाठी २०१५ मध्ये राज्य सरकारने प्रेरणा प्रकल्प काढला तो मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी, त्यात खान्देश नव्हता. बोंडअळी आली तेव्हा ती जिल्ह्याची हद्द बघून नव्हती आली. केळीवर व्हायरस येतो, गारपिटीत बाग झोपते, मका काळा पडतो, तो माणूस पण तेवढाच रात्रभर जागा असतो. म्हणून आपल्याकडच्यांनी तरी १४४१६ पाठ करून ठेवावा. शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी वेगळी मनोदर्पण हेल्पलाइन आहे, केंद्राच्या शिक्षण खात्याची, ८४४८४४०६३२, मुलाच्या दहावीच्या वेळी मीच त्याला लावून दिली.

मी आता नंबर बिलाच्या मागे लिहून देतो. सगळ्यांना नाही, ज्याचा चेहरा बघून वाटतं त्याला. मागच्या आठवड्यात एक जिभाऊ युरिया घ्यायला आले, पैसे देताना हात थरथरत होता, काय झालं विचारलं तर म्हणाले "काही नही रे भाऊ, झोप लागत नही." त्यांना गोडाउनमध्ये बसवलं, फोन लावून दिला आणि शटर अर्धं ओढून मी बाहेर गिऱ्हाईक बघत बसलो. बाहेर आले तेव्हा पाऊण तास झाला होता. काय बोलले मी विचारलं नाही. युरियाच्या दोन गोण्या गाडीला बांधून दिल्या.

माझी पुढची बसणी गुरुवारी दुपारी तीनला आहे. गिऱ्हाईकांच्या कापसाचे पैसे अजून आलेले नाहीत म्हणून ताईंना काल मेसेज केला की या वेळची फी पुढच्या महिन्यात दिली तर चालेल का. चालेल म्हणाल्या, आणि वही घेऊन या म्हणाल्या.